सतरंजी, दोन फासे आणि ‘मग तू काय करतोस?’

प्रश्न असा आहे: ‘ताई, आम्ही शिरपूरचे पाच मित्र. दर शनिवारी रात्री एकाच्या गच्चीवर जमतो. जमतो म्हणजे काय, चहा होतो आणि मग ज्याचं त्याचं डोकं मोबाइलमध्ये. कोणीतरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं नाव काढलं. पुस्तक उघडलं तर तीनशेच्या वर पानं, तीही इंग्रजीत, आणि आमच्यातल्या दोघांना इंग्रजी वाचायचा कंटाळा. हे खेळ आपल्याकडे जमतात का? सुरुवात कुठून करायची? आणि मोबाइल बाजूला ठेवायचा नियम कसा लावायचा?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. मोबाइलचा नियम लावू नका.

मी भुसावळला राहते, गणिताच्या शिकवण्या घेते. पात्रं होऊन गोष्ट रचायचे हे खेळ पुण्यात होस्टेलवर शिकले आणि लग्नानंतर इकडे आल्यावर रेल्वे क्वार्टरमध्ये सुरू केले. त्याला आता अकरा वर्षं होतील. आमच्या पहिल्या गटातले तिघं रनिंग स्टाफचे. रेल्वेवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: गाडी चालवणारा माणूस घरी रेस्टवर असला, तरी रेस्ट संपायच्या सुमारास कॉल कधी येईल याचा नेम नसतो. त्याला मोबाइल बंद करायला सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायला सांगणं. तरी मी हौसेनं दारात वेताची टोपली ठेवली होती, ‘मोबाइल इथे’ अशी चिठ्ठी लावून. पहिल्या तासात टोपली चार वेळा वाजली. चारही वेळा सगळेच्या सगळे उठून बघायला गेले, कारण तिघांची रिंगटोन एकच होती.

टोपली मी दुसऱ्या आठवड्यात कांदे ठेवायला घेतली आणि निरीक्षण सुरू केलं. माणूस मोबाइल नेमका केव्हा काढतो? त्याची पाळी लांब असते तेव्हा. हिशेब साधा आहे. चार खेळाडू असतील आणि प्रत्येकाला दीड मिनिट लागत असेल, तर स्वतःची पाळी परत यायला साडेचार मिनिटं जातात. तेवढा वेळ माणूस दुसऱ्याची फजिती बघत मजेत बसतो. सात खेळाडू असतील आणि त्यातला प्रत्येक जण तीन-तीन मिनिटं विचार करत बसला, तर मधे अठरा मिनिटं जातात. अठरा मिनिटं कोण नुसतं बसेल? मीही मोबाइल काढीन. म्हणून चार खेळाडू आणि गोष्ट पुढं नेणारा एक सूत्रधार हे माप धरा. तुम्ही नेमके पाच आहात, म्हणजे अर्धं काम झालंच आहे. सहावा आला तर घ्या, सातव्याला मात्र दुसरी सतरंजी घालून द्या.

ज्यांना कॉल येऊ शकतो ते आमच्याकडे आजही मोबाइल मांडीशी ठेवतात. आवाज चालू, तोंड खाली. वाजला तर उठतात, बोलतात, परत येतात, कोणी टोकत नाही. अकरा वर्षांच्या अनुभवावर अजून एक सांगते, हसू नका: मधोमध भुईमुगाच्या शेंगांचं ताट ठेवा. शेंग फोडायला दोन्ही हात लागतात.

आता हा खेळ आहे तरी काय? याची व्याख्या ऐकून कोणालाच काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. त्यापेक्षा आमच्या एका रात्रीचा तुकडा ऐका. सूत्रधार मी आहे. बाकीचे खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळातले गावकरी झालेले आहेत: भिका नावाचा वाटाड्या, सकू नावाची वैदीण आणि गोविंदा नावाचा पळून आलेला शिपाई.

मी म्हणते, ‘लळिंगच्या किल्ल्याची चढण. अंधार पडलाय. वरच्या दरवाजाशी शेकोटी पेटलेली दिसतेय, पण तिच्याजवळ माणूस नाही. भिका, तू काय करतोस?’

भिका म्हणतो, ‘कसाले जावानं भो तठे? मी अठेच थांबस.’

‘बरं, तू थांबलास. सकू?’

सकू म्हणते, ‘मी राखेला हात लावून बघते. कढत आहे की कोमट?’

‘निखारे लाल आहेत. माणूस आत्ताच उठून गेलाय. आणि राखेच्या कडेला एक पायताण पडलंय, एकच.’

गोविंदा म्हणतो, ‘मी तटावरून डोकावतो. खाली कोणी पळतंय का?’

‘अंधारात दगडावर तोल सावरायचाय. टाक फासे.’

बस्स. एवढाच खेळ आहे. सूत्रधार परिस्थिती सांगतो, विचारतो ‘मग तू काय करतोस?’, आणि जिथं काय होईल हे कोणालाच ठाऊक नाही तिथं फासे ठरवतात. सोंगटी नाही, पट नाही, हारजीत नाही. तीन तासांनी एक गोष्ट तयार होते, आणि ती एकट्या कोणाच्याच डोक्यात आधी नव्हती. भिकाची भूमिका करणारा भाऊ त्या रात्री किल्ल्याच्या पायथ्याशीच थांबला आणि ते पायताण ज्याचं होतं तो माणूस नेमका त्याच्या अंगावर येऊन आदळला. भित्रेपणाचं एवढं फळ मी तोवर कोणाला मिळालेलं पाहिलं नव्हतं.

पुस्तकाच्या जाडीबद्दल. ती जाडी कुठून आली ते समजलं की तिची भीती जाते. अमेरिकेत साठच्या दशकात टेबलावर छोटे शिसाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांचे गट होते. त्यांना तोफेचा पल्ला किती, घोडदळ एका पाळीत किती इंच पुढं जाईल, असले तक्ते लागत. डेव्हिड वेसली नावाच्या एकानं एका खेळात काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावातलं एकेक माणूस दिलं, आणि लोक लढाई सोडून एकमेकांशी कारस्थानंच करत बसले. त्यातलाच एक खेळाडू डेव्ह आर्नेसन. त्यानं पुढं गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका. तिथून फुगत फुगत आजचे ग्रंथ झाले. तक्ते हा लढाईच्या खेळाचा वारसा आहे. ‘मग तू काय करतोस?’ हा त्या गावकऱ्यांच्या कारस्थानांचा. तुम्हाला शनिवारी रात्री दुसरा वारसा पुरेसा आहे.

पुढं कधी पहिल्याचीही गोडी लागली तर एक चांगली बातमी आहे. २०२३ च्या जानेवारीत त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे गाभ्याचे नियम प्रकाशकांनी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय दिलं की कोणीही ते भाषांतर करून वापरू शकतो. अहिराणीतसुद्धा. तुमच्यातल्या इंग्रजी वाचणाऱ्या तिघांना उद्योग हवा असेल तर हा घ्या. पण आत्ता नको.

आत्ता एका पानात मावतील एवढे नियम मी देते. हे माझं संशोधन नाही. २०१० मध्ये आलेल्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या खेळाच्या पद्धतीवर पुढं कितीतरी खेळ बेतले गेले, मी ती भुसावळच्या मापानं कापून घेतली आहे.

लुडोचे दोन फासे घ्या. ‘व्यापार’ खेळाचा डबा कोणाच्या तरी माळ्यावर असेलच, त्यात दोन मिळतील. दोन्ही टाकून बेरीज करा. दहा किंवा जास्त आली तर जे करायचं होतं ते झालं. सात ते नऊ आली तर झालं, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा कमी आली तर फसलं आणि सूत्रधार परिस्थिती बिघडवतो. प्रत्येक पात्राला एक गोष्ट उत्तम येते, तिथं बेरजेत दोन मिळवा. एक गोष्ट बरी येते, तिथं एक मिळवा. एक गोष्ट अजिबात येत नाही, तिथं एक वजा करा.

गणिताची बाई आहे म्हणून थोडं थांबते. दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या होतात. काहीही मिळवलं नाही तर त्यातल्या ६ जोड्यांत पूर्ण यश, १५ मध्ये किंमत मोजून यश आणि १५ मध्ये फजिती. दोन मिळवले की तराजू बरोबर उलटा होतो: १५ मध्ये पूर्ण यश, १५ मध्ये किंमत मोजून, आणि फजिती फक्त ६ मध्ये. मधले १५ दोन्हीकडे तसेच राहतात, ते मुद्दाम बघा. ‘झालं, पण’ हे उत्तर या खेळाचा प्राण आहे. कुलूप उघडलं, पण कडी वाजली. नदी ओलांडली, पण शिदोरी वाहून गेली. सावकारानं पैसे दिले, पण जामीन म्हणून तुझ्या बहिणीचं नाव घातलं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वीस बाजूंचा फासा असतो, त्यात प्रत्येक आकड्याला पाच टक्के असतात, एक आणि वीस यांची शक्यता सारखीच. त्याला वेगळी मजा आहे, छातीत धडकी भरवणारी. पण नवख्यांना मी दोन फासेच देते.

वीस बाजूंचा फासा हवाच असेल तर ऑनलाइन मागवायची घाई करू नका. हाउजीच्या सेटमधून १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या काढा, कापडी पिशवीत घाला, एक उचला. उचललेली परत पिशवीत टाकायची. नाही टाकली तर पुढच्या माणसाची शक्यता बदलते, आणि आमच्याकडे एकानं तीन आठवडे ‘मोठे आकडे अजून आत आहेत’ हे मोजून मोजून फायदा उपटला होता. मी शिकवण्या घेते म्हणवते आणि मला ते चौथ्या आठवड्यात कळलं.

फासे परातीत टाका, परातीत टॉवेल अंथरून. टॉवेल नसेल तर रात्री अकराला शेजारी येतात. परातीबाहेर गेलेला फासा धरायचा नाही, पुन्हा टाकायचा.

फाशांवरून आठवलं. घरात फासे खुळखुळले की कोणीतरी ज्येष्ठ ‘धर्मराजाचं काय झालं ठाऊक आहे ना’ म्हणणारच. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की आई, इथं कोणी काही लावत नाही, जिंकत नाही, हरत नाही. त्या म्हणाल्या, मग खेळता कशाला? मला उत्तर देता आलं नाही, पण त्या बघत बसल्या, आणि दोन महिन्यांनी सकू वैदीण त्याच होत्या. निखाऱ्यांना हात लावून बघायचं मला किंवा त्या शिपायाला कधीच सुचलं नसतं. चूल पेटवलेल्या माणसालाच ते सुचतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पत्त्यांचे डाव कसे रंगतात आणि काही घरांत ते कुठवर जातात हे मी खान्देशी माणसाला काय सांगू. एका आखाजीला आम्ही पत्ते न काढता ही परात मांडली होती. सगळे वळले असं नाही. दोघं जेवून उठून पत्त्यांकडे गेले. एक मात्र परत आला, कारण त्याच्या पात्राला आम्ही तुरुंगात सोडून दिलं होतं.

पात्र कसं बनवायचं? वहीचं अर्धं पान. नाव, काम, वरच्या तीन गोष्टी, आणि एक ओळ सर्वात महत्त्वाची: तुझ्या डाव्या हाताला बसलेल्याच्या पात्राचं तू काय देणं लागतोस? पैसेच असायला हवेत असं नाही. ‘यानं माझा बैल पुरातून काढला.’ ‘हिनं मला खोटी साक्ष देऊन सोडवलं.’ ही उधारीची ओळ लिहिली की चार अनोळखी पात्रं दहा मिनिटांत एकमेकांत गुंततात. बाजारपेठेत वाढलेल्या आपल्या माणसांना देण्याघेण्याची भाषा आपसूक कळते. ‘तुझ्या पात्राची प्रेरणा काय’ असं विचारलं की हीच माणसं मास्तरांनी उभं केल्यासारखी गप्प होतात.

आता गोष्ट. ड्रॅगन आणायची गरज नाही. आणलात तरी माझी हरकत नाही, पण पहिल्या रात्री त्या ड्रॅगनचं वर्णन करण्यातच वेळ जातो. सारंगखेड्याची यात्रा म्हटलं की काही वर्णन करावं लागत नाही: थंडी, तापीचा काठ, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग, घोड्यांचा बाजार, धूळ, लगामांची दुकानं. खेळाडू आधीच तिथं पोचलेले असतात. म्हणून मी नव्या गटाला नेहमी हीच गोष्ट देते, तुम्हीही घ्या.

दत्तजयंतीची आदली रात्र. एका व्यापाऱ्याची पांढरी घोडी दावणीतून नाहीशी झाली आहे. सकाळी तिचा सौदा ठरलाय. चार पात्रं: नालबंद, चहाची टपरी चालवणारी बाई, यात्रेत कुस्तीला आलेला पोरगा आणि वही, म्हणजे इकडची लोकगाणी, गाणारा एक कलावंत. घोडी कोणी नेली? खरं कारण फक्त सूत्रधाराला ठाऊक: व्यापाऱ्यानं दोन गिऱ्हाइकांकडून इसार घेतलाय आणि आता दोघांना तोंड द्यायला नको म्हणून त्यानंच घोडी लपवली आहे. पहाटे ती पुलावरून तापीपार जाणार.

सूत्रधारानं एवढंच तयार करायचं: कोणाला काय हवंय, आणि कोणीच काही केलं नाही तर काय होईल. पुढं काय होणार ते लिहून ठेवायचं नाही. मी सुरुवातीला लिहायचे. नालबंद पायाचे ठसे बघेल, मग टपरीवर येईल, मग व्यापाऱ्याला विचारेल, अशी दहा पानं. पहिल्याच रात्री कुस्तीगिरानं ‘मी दुसरी घोडी पांढरी रंगवतो’ म्हटलं आणि दहाही पानं गेली. आता मी काड्यापेटीतल्या सहा काड्या सतरंजीवर मांडते. कोणी फसलं की एक काडी उचलायची, सहावी उचलली की पहाट. कोणाला घड्याळ दाखवावं लागत नाही, सगळ्यांचं लक्ष त्या काड्यांवर असतं. आणि प्रत्येक महत्त्वाची गोष्ट कळायला निदान दोन वाटा ठेवा. इसाराची भानगड टपरीवरच्या उधारीच्या वहीतूनही कळावी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडूनही. एकच वाट ठेवलीत आणि तिथं फासे फसले तर खेळ चिखलात रुतलेल्या गाडीसारखा तिथंच बसतो.

हीच पद्धत पुढं कुठंही लावता येते आणि आपल्याकडे गोष्टींना तोटा नाही. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचं राज्य संपलं. वेढ्याच्या शेवटच्या आठवड्यात गडावर अडकलेल्या चार सामान्य माणसांची गोष्ट आम्ही सहा शनिवार खेळलो. चाळीसगावजवळ पाटण्याला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. त्या मठातला एक विद्यार्थी रात्री गणिताची पोथी घेऊन पळाला तर? ही माझी आवडती गोष्ट, आणि आमच्या गटाची सर्वात नावडती. त्यांच्या मते मी त्यात शिकवणी लावते. असो.

भाषेचं सांगायचं राहिलं. तुमच्या दोघांना इंग्रजीचा कंटाळा आहे म्हणता, पण पुस्तकी मराठीचाही असतो, तो लोक बोलून दाखवत नाहीत. आमच्याकडे एक लाइनमन यायचा. पहिले तीन शनिवार तो ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मी पण जातो’ यापलीकडे बोलला नाही. चौथ्या वेळी त्याच्या पात्राला मी धुळ्याकडचा मेंढपाळ केलं आणि सूत्रधाराचे संवाद अहिराणीत बोलायचा प्रयत्न केला. माझी अहिराणी वाईट, घरची बोली लेवा. त्याला ते सहन होईना. तो मला दुरुस्त करायला लागला, आणि दुरुस्त करता करता खेळायला लागला. आता त्याला थांबवावं लागतं. सूत्रधार प्रमाण मराठीत बोलला तरी चालेल, पण पात्रांना त्यांच्या बोलीत मोकळं सोडा. गावोगावी सोंगं, वही, तमाशा बघत मोठ्या झालेल्या माणसांना दुसऱ्याच्या तोंडानं बोलणं नवीन नाही, फक्त तिथं ते प्रेक्षक होते.

चुका सांगते, त्या तुमच्याही होतील.

माझी पहिली रात्र वर्णनात गेली. मी दोन पानं वाचून दाखवली, धुक्याचं वर्णन, बुरुजाचं वर्णन. एक जण झोपला. आता तीन वाक्यांच्या वर मी जात नाही आणि तिसरं वाक्य प्रश्नच असतं.

दुसरी चूक: अर्ध्या तासात मी एकाचं पात्र मारलं. फासे तसेच पडले होते. तो बिचारा पुढचे अडीच तास शेंगा सोलत बसला आणि मग अर्थातच मोबाइल. पहिल्या रात्री कोणाला मारू नका. जखमी करा, लुटा, अटक करा. आणि कोणी बाद झालाच तर त्याला लगेच दुसरं पात्र द्या, अगदी पहारेकरी असला तरी.

तिसरं, ज्याचा आवाज मोठा तो सगळ्यांच्या वतीनं ठरवतो. आमच्याकडे एक निवृत्त काका होते. ‘तू असं कर’, ‘तू तिकडे जा’, चारही पात्रं तेच खेळवायचे. बोलून उपयोग होईना, वयाचा मान. शेवटी मी त्यांना विनंती केली की काका, मला सगळी माणसं सांभाळणं जमत नाही, गोष्टीतला सावकार तुम्ही व्हाल का? झाले, आणि असा सावकार केला की आजही त्याचं नाव काढलं की पोरं दात-ओठ खातात. जास्त बोलणाऱ्याला गप्प करण्यापेक्षा काम देणं सोपं पडतं.

चौथी गोष्ट चूक म्हणावी की नाही मला ठरवता येत नाही. एका गोष्टीत मी तापीच्या पुराचा प्रसंग घातला, एक लहान पात्र वाहून जातं असा. समोर बसलेल्यांपैकी एकाच्या घरात तसं खरंच घडलं होतं. मला माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, नुसता उठून गॅलरीत गेला. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी अशा वेळेसाठी ‘एक्स कार्ड’ची कल्पना काढली आहे: टेबलावर एक पत्ता असतो, ज्याला प्रसंग नको वाटेल त्यानं त्याला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, गोष्ट दुसरीकडे वळवायची. आम्ही पत्ता ठेवत नाही, चहाचा कप उलटा घालतो. कोणीही कप उलटा घातला की मी वाक्य अर्धं सोडते आणि म्हणते, ‘बरं, तसं झालं नाही. मग काय झालं?’ अकरा वर्षांत तो कप चार-पाच वेळाच उलटा झाला असेल. पण पहिल्या रात्रीच तो सगळ्यांना दाखवून ठेवा. मित्र जुने असले की आपल्याला एकमेकांचं सगळं माहीत आहे असं वाटतं. ते खरं नसतं.

जेवणाचा सल्ला कडक आहे: खेळाआधी वरण-बट्टी नको. तूप घालून तीन बट्ट्या खाल्लेला माणूस किल्ला चढत नाही. हिवाळ्यात भालोदकडे शेतात भरीत पार्टीला गेलो होतो तेव्हा तिथंच खेळायचा बेत केला होता. वांगी काट्यांच्या जाळात भाजून, बडग्यानं ठेचून, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खाऊन होईस्तोवर साडेदहा झाले, फासे तेलकट आणि सगळे आडवे. आधी खेळ, मग जेवण. मधे चहा. मे महिन्यात खोलीत कूलर लावून खेळू नका, त्याच्या आवाजात सूत्रधाराला ओरडून गोष्ट सांगावी लागते आणि भुताची गोष्ट ओरडून सांगता येत नाही. तुमच्याकडे गच्ची आहे, तुम्ही नशीबवान. फक्त कागदांवर ठेवायला चार दगड न्या.

सूत्रधार व्हायला कोणीच तयार नसेल तर बिनसूत्रधाराचेही खेळ आहेत. जेसन मॉर्निंगस्टारचा ‘फियास्को’ २००९ मध्ये आला, त्यात सगळे मिळूनच प्रसंग रचतात आणि सगळ्यांची वाट लागते. मजेचा आहे, पण पहिला म्हणून मी सुचवणार नाही. त्यात प्रत्येकाला बोलायची सवय असावी लागते. आणि तुमच्याकडे सूत्रधाराचा प्रश्नच नाही. प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणजे सूत्रधार तुम्हीच. दुसरं कोणी नाही का, असं विचारू नका.

या शनिवारी हे करा. मित्रांना खेळाचं नाव सांगू नका, इतिहास सांगू नका, माझं हे उत्तर तर अजिबात पाठवू नका. साडेआठला शेंगा, परात, टॉवेल, दोन फासे, काड्यापेटी, चार पेन्सिली, वहीची चार अर्धी पानं. पेन्सिली आधी टोक करून ठेवा. पात्रं बनवायला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग म्हणा, ‘सारंगखेडा. दत्तजयंतीची आदली रात्र. घोडी दावणीला नाही. नालबंद, तू तिच्या मालकाचा ओरडा ऐकतोस. मग तू काय करतोस?’ तो ‘मी काय करू?’ असं तुम्हालाच विचारेल. उत्तर देऊ नका, थांबा. ती पंधरा सेकंदं फार लांब वाटतात. माझ्या पहिल्या गटात तेवढ्यात मीच घाबरून बोलले होते.

अकराच्या सुमारास थांबवा, गोष्ट अर्धी असली तरी. ‘आवडलं का?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. जिना उतरताना कोणी ‘पण मी त्या व्यापाऱ्याला आधीच धरायला पाहिजे होतं’ असं काही म्हणतो का ते ऐका. म्हणाला तर तिथंच, जिन्यात, पुढच्या शनिवारची वेळ ठरवून टाका. आणि टरफलं झाडून मगच निघा. गच्ची पुन्हा मिळायला हवी.